मॉडेलमधला बर्फ तपासायचाय, तर कुठला डेटा घ्यायचा?

क्लायमेट मॉडेल कुठलंही असो, त्यातला बर्फ कशाशी ताडून बघता यावर अर्धा निकाल ठरतो, आणि बरेच जण हाताला लागेल तो डेटासेट उचलतात म्हणून हे लिहितोय. आधी एवढं ठरवा, जमीन किती झाकली गेली ते बघायचंय की तो बर्फ वितळला तर पाणी किती निघेल ते, म्हणजे एसडब्ल्यूई (स्नो वॉटर इक्विव्हॅलंट).

फक्त झाकलेली जमीन बघायची असेल तर काम सोपं आहे. मोडिस घ्या, म्हणजे नासाच्या सॅटेलाइटवरचा सेन्सर, 500 मीटर रिझोल्यूशन आणि 2000 पासूनचा डेटा, अडचण एवढीच की ढग आले किंवा ध्रुवाकडे हिवाळ्याचा अंधार असला की काही दिसत नाही. लांबचा ट्रेंड हवा असेल तर नोआचे (अमेरिकेची हवामान-समुद्र संस्था) साप्ताहिक नकाशे, ढोबळ आहेत पण 1966 पासूनचे आहेत.

खरी कटकट एसडब्ल्यूईची. ग्लोबस्नो हा सॅटेलाइटचा डेटासेट 1979 पासून मिळतो, मायक्रोवेव्हवर चालतो त्यामुळे ढग-अंधार आड येत नाहीत, शिवाय स्टेशनवर मोजलेली बर्फाची जाडी पण त्यात घेतलेली असते, पण साधारण 150 मिमी पाण्याच्या वर सिग्नल कमजोर पडतो, ओला बर्फ कळत नाही, आणि डोंगराळ भाग तर वगळलेलाच असतो. सायबेरियाच्या सपाटीवर छान, हिमालयासाठी विसरा. मग लोक ईआरए५-लँडकडे वळतात (युरोपच्या हवामान केंद्राच्या ईआरए५ या मागच्या हवामानाच्या डेटासेटवरून काढलेला जमिनीचा भाग), 9 किमी, 1950 पासून, कुठे गॅप नाही, मोह होणारच, पण त्यातला बर्फसुद्धा एका मॉडेलनेच काढलेला आहे, त्याला मोजमाप म्हणू नका प्लीज. मूळ ईआरए५ मध्ये 2004 पासून सॅटेलाइटचं स्नो कव्हर घालायला लागले आणि तिथे आकड्यांत उडी दिसते, त्यामुळे ट्रेंडसाठी तो मी तरी वापरणार नाही.

अमेरिकेतल्या स्नोटेलसारखी स्टेशनं बर्फाचं वजनच मोजतात, इतकं थेट दुसरं काही नाही, पण तो एक बिंदू आणि मॉडेल ज्या चौकोनांत जमीन वाटतं त्यातला एक 100 किमीचा, डोंगरात दोघांची उंचीच जुळत नाही. मॉडेलचा फक्त बर्फाचा भाग त्याच जागेचं मोजलेलं हवामान देऊन वेगळा चालवणार असाल तरच स्टेशन घ्या.

माझं मत विचाराल तर एसडब्ल्यूईला एकच डेटासेट कधीच नको, तीन-चार घ्या आणि त्यांच्यातच आपसात किती फरक पडतो ते आधी बघा, मॉडेल त्या पट्ट्यात बसत असेल तर त्याला चूक म्हणता येत नाही. आणि वर्षाची सरासरी जुळली म्हणून खूश होऊ नका, बर्फ जास्त पाडला आणि वितळवला पण जास्त तर आकडा बरोबरच येतो ना, म्हणून महिन्यानुसार बघा, सोबत तापमान आणि पाऊस-बर्फाचं प्रमाण पण तपासा. वितळण्याची वेळ चुकली की अल्बेडो, म्हणजे जमीन किती प्रकाश परत पाठवते ते, चुकतो, ताजा बर्फ 80 टक्क्यांहून जास्त प्रकाश परत पाठवतो आणि उघडी जमीन त्याच्या पावही नाही कधीकधी, तिथून पुढे मॉडेलचं तापमान पण घसरतं किंवा चढतं.

जंगलाचा भाग मात्र वेगळा काढूनच तपासा, झाडांखालचा बर्फ सॅटेलाइटला नीट दिसत नाही आणि मॉडेलांचा अल्बेडो पण तिथेच सगळ्यात जास्त गडबडतो.