ढेबरे लाटावेत की थापावेत?

मेथी स्वस्त झाली आणि हिरवा लसूण बाजारात दिसायला लागला की बडोद्यात ढेबऱ्यांचा, म्हणजे बाजरीच्या पिठात मेथी घालून तव्यावर भाजतात त्या गुजराती पोळ्यांचा मोसम सुरू झाला समजायचं. करायचे कसे, यावर मात्र घराघरांत दोन पक्ष आहेत. एका पक्षाचे लोक बाजरीत कणीक मिसळतात आणि थेपल्यासारखे पातळ लाटतात. दुसऱ्या पक्षाचे निव्वळ बाजरी सैलसर भिजवून हातानं थापतात. मसाला दोन्हीकडे तोच असतो: आलं-मिरचीचं वाटण, हळद, हिंग, ओवा, तीळ, आंबट दही आणि गूळ. त्यामुळे मसाल्यावर शब्द खर्च करत नाही. दोन्ही प्रकार मी बरीच वर्षं करतो आहे आणि माझं मत बनलेलं आहे, पण ते सगळ्यांना पटेलच असं नाही.

लाटलेल्यांची बाजू भक्कम आहे, म्हणून ती आधी. दोन वाट्या बाजरीला एक वाटी कणीक पडली की पिठाला धर येतो. पोळपाटावरून उचलताना ढेबरा फाटत नाही, कडा चिरत नाहीत. घरात दोन माणसं असतील तर एकानं लाटावं, दुसऱ्यानं भाजावं; बघता बघता चळत उभी राहते. थंड झाल्यावर घडी घालून डब्यात नीट बसतात आणि दुसऱ्या दिवशीही मऊ असतात. शीतळा सातमीला तर यांना पर्याय नाही. श्रावण वद्य षष्ठीला, म्हणजे रांधण छठला सगळं करून ठेवायचं आणि सप्तमीला चूल न पेटवता थंडच खायचं, अशी गुजरातेतली रीत. त्या दिवशी निव्वळ बाजरीचा ढेबरा पानात वाढला तर तुकडा मोडतानाच भुगा होतो. प्रवासाचंही तेच. रात्रीच्या गाडीनं जायचं असेल तर मीसुद्धा मुकाट्यानं लाटणं काढतो.

मग अडतं कुठे? अडतं पिठीपाशी.

थेपल्याची कणीक कोरडी आणि घट्ट असते, तिला लाटताना चिमूटभर पिठी पुरते. ढेबऱ्याचं पीठ तसं वागत नाही. मेथीला मीठ लागलं की पाणी सुटतं, गुळालाही सुटतं. पहिले दोन-तीन ढेबरे व्यवस्थित लाटले जातात, तोवर उरलेला गोळा परातीत सैल पडलेला असतो. मग पोळपाटाला चिकटू नये म्हणून पिठी वाढते. ती ढेबऱ्याबरोबर तव्यावर जाते, तेलात उतरते, आधी तपकिरी होते आणि मग काळी. चौथ्या-पाचव्या ढेबऱ्यापर्यंत तव्यावरचं तेल गढूळ झालेलं असतं, धूर डोळ्यांत जात असतो आणि ढेबऱ्यावरचा ठिपका तिळाचा की जळक्या पिठाचा हे चावल्याशिवाय कळत नाही. ती जळकी कडसर चव मला सहन होत नाही. मेथीचा कडूपणा हवाहवासा असतो, हा नुसता घशाशी राहतो.

यावर उपाय सांगणारे पुष्कळ भेटतात. पिठी झटकून टाका म्हणतात. ओलसर ढेबरा झटकायला गेलं तर तो हातातच लांबतो. आधी दोन्ही बाजूंनी कोरडा भाजून मग तेल सोडा म्हणतात. त्यानं फरक पडतो, पण कोरडी पिठीही लोखंडी तव्यावर करपतेच. दर वेळी तवा फडक्यानं पुसणं हा खरा उपाय, आणि तो केला की लाटण्यात जो वेळ वाचला तो पुसण्यात जातो. तेल लावलेल्या दोन प्लास्टिकांमध्ये लाटलं तर पिठी लागतच नाही, हेही खरं. पण प्लास्टिक सुरकुततं, मेथीची एखादी काडी आडवी येऊन ढेबरा तिथेच चिरतो, आणि प्लास्टिक घ्यायचंच तर सरळ थापावंच की.

थापण्यात पिठीचा प्रश्नच येत नाही. जे पाणी लाटताना डोकं खातं तेच इथे कामाला येतं. बाजरीच्या पिठात मोहन घालायचं, गूळ दह्यात विरघळवून ओतायचा, चिरलेली मेथी मिठासकट मिसळून थोडं थांबायचं आणि मगच लागलं तर पाणी घालायचं. बहुतेक वेळा हबकाच पुरतो. मेथी पिळून कडूपणा काढणारे आहेत, पण त्या पाण्याबरोबर वासही जातो. सगळं पीठ एकदम मळून ठेवू नये. भाकरीसारखं एका वेळी एका गोळ्यापुरतं तळहातानं रगडावं. मग ओल्या फडक्यावर किंवा तेलाच्या प्लास्टिकवर बोटांनी थापून तव्यावर उलटा टाकायचा. जाडी लाटलेल्याच्या दुप्पट तरी राहते. आच मध्यम ठेवावी, नाहीतर गुळामुळे वरून पटकन लाल होतो आणि आत कच्चा राहतो. कडेनं तेल सोडलं की कडा कुरकुरीत होतात, मधला भाग ओलसर, मऊ. हे दोन पोत एकाच घासात लाटलेल्यात मिळत नाहीत.

आमच्या घरी मध्ये बोटानं भोक पाडून त्यात तेल सोडतात. थालीपिठाची सवय, दुसरं काय. शेजारच्या मासींना ते बघवत नाही. ‘ढेबरामां काणुं शेनुं?’ (ढेबऱ्यात भोक कसलं?) असं त्या विचारतात आणि दोन खाऊन जातात.

थापलेल्यांची खोड म्हणजे शिळं पीठ ते मुळीच झाकत नाहीत. बाजरीत शंभर ग्रॅममागे साधारण 5 ग्रॅम स्निग्धांश असतो, गव्हापेक्षा बराच जास्त. दळलं की त्यातली विकरं (एन्झाइम्स) या स्निग्धांशावर काम सुरू करतात आणि पीठ थोड्याच दिवसांत कडवट, खवट होतं. कणीक मिसळली की ते निभून जातं आणि कडूपणाचा आळ मेथीवर येतो. निव्वळ बाजरीत सुटका नाही. गिरणीतून थोडंच दळून आणावं, उरलं तर फ्रिजमध्ये ठेवावं, आणि भिजवण्याआधी चिमूटभर जिभेवर टाकून बघावं. हा वाढीव त्रास आहे, नाकारत नाही. पण ज्या घरात भाकरी होते तिथे ताजं पीठ असतंच, त्यामुळे मराठी घरांना तो फारसा जाणवू नये.

वेळेच्या बाबतीत थापलेले मागे पडतात. जाडीमुळे भाजायला वेळ लागतो, आणि थापणारा व भाजणारा एकच असेल तर पहिला ढेबरा खाणाऱ्याचं पोट भरतं तेव्हा शेवटच्याचा गोळा परातीत असतो. दहा-बारा माणसं जेवायला असतील तर लाटून मोकळं व्हावं. चार जणांचं घर, हिवाळ्याची संध्याकाळ आणि तव्यावरून थेट ताटात असा बेत असेल तर मी तरी थापलेल्यांच्याच बाजूनं झुकेन. सोबत दही आणि हिरव्या लसणाची चटणी. छुंदा, म्हणजे किसलेल्या कैरीचं गोड लोणचं, लाटलेल्यांशी जास्त जमतो. थापलेल्यात गूळ किंचित कमी केला तर त्यांच्याशीही जमतो.

दोन्ही करून पाहूनच ठरवायचं असेल तर पिठं वेगवेगळी भिजवा. कणीक असलेलं घट्ट ठेवा आणि त्यात मेथी लाटायला बसण्याच्या अगदी आधी घाला, म्हणजे पाणी सुटायला वेळ मिळत नाही. आणि एकाच तव्यावर करणार असाल तर थापलेले आधी भाजा. नंतर भाजलेत तर लाटलेल्यांची जळकी पिठी त्यांना चिकटेल आणि तुलना तिथेच फसेल.