पॉवरटॉप रिव्ह्यू: प्रोसेसरची झोप कोण मोडतंय ते कळतं, का मोडतंय ते कळायला थोडं खाली उतरावं लागतं

लिनक्स लॅपटॉपवर बॅटरी टिकत नाही म्हणून रडणाऱ्या प्रत्येकाला कोणीतरी "पॉवरटॉप टाक" (वीज कुठे जाते ते दाखवणारं टूल) असं सांगतंच, आणि लोक ते टाकून थेट ऑटो-ट्यून (वीज-बचतीची सगळी सेटिंग्ज एका फटक्यात लावणारा ऑप्शन) मारून मोकळे होतात. माझ्या मते या टूलचा सगळ्यात कमी कामाचा भाग तोच आहे. ५ पैकी ४ देतोय, कापलेला एक स्टार त्या ऑटो-ट्यूनचाच.

टूल इंटेलच्या लोकांनी २००७ मधे काढलं, आणि वेळ अगदी नेमकी होती. तोपर्यंत कर्नलचा (लिनक्सचा गाभा) टिक सारखा चालूच असायचा, म्हणजे काही काम असो नसो, सेकंदाला २५० किंवा १००० वेळा (कर्नल कसा बिल्ड केलाय त्यावर) टायमर प्रोसेसरला उठवणारच. त्याच वर्षी कर्नल २.६.२१ मधे थॉमस ग्लाइक्सनर आणि इंगो मोल्नार यांचं टिकलेस काम (रिकाम्या प्रोसेसरला टिक न देणारं) आत गेलं, आधी ३२ बिटला आणि नंतर २.६.२४ मधे ६४ बिटला. आता रिकामा बसलेला प्रोसेसर पुढचा टायमर कधी आहे ते बघून थेट तेवढा वेळ झोपू शकत होता. पण झोपायची सोय झाली तरी वरचे प्रोग्रॅम झोपू देतील तर ना! कोणी पॅनेलवरचं चिन्ह बदललंय का ते सेकंदाला चारपाचदा बघतंय, कोणी नुसतंच पोलिंग (काही नवं आलंय का ते सारखं बघणं) करत बसलंय. पॉवरटॉपने या सगळ्यांची नावं स्क्रीनवर आणली, आणि त्यानंतर बरंच सॉफ्टवेअर सुधारलं. जीलिब या लायब्ररीमधे पूर्ण सेकंदावर वाजणारा टायमर आला, कर्नलमधेही तसंच राउंडिंग होतं, हेतू हा की दहा जणांनी दहा वेळा उठवण्यापेक्षा एकदाच काय ते उठवा.

आता वापरायचा अनुभव. मी एका जुन्या कोअर २ ड्युओ लॅपटॉपवर वापरतो, त्याचा घरातला छोटा सर्व्हर केलाय. रूट म्हणून चालवायचं, टॅब कीने पानं बदलायची. पहिल्या ओव्हरव्ह्यू पानावर सेकंदाला किती वेकअप (प्रोसेसरला झोपेतून उठवणं) आणि कोणामुळे, टायमर की इंटरप्ट (हार्डवेअरची हाक) की प्रोसेस, हे दिसतं. इथेच सोनं आहे. टॉप या सीपीयूचा वापर दाखवणाऱ्या कमांडमधे जो डेमन (मागे चालणारा प्रोग्रॅम) ० टक्के सीपीयू दाखवत होता (क्लाउड सिंकवाला, नाव नको) तोच इथे यादीत वरती बसलेला. काम शून्य, पण उठवणं सतत. आणि बॅटरीला सीपीयूच्या एखाद्या टक्क्यापेक्षा हे उठवणंच जास्त लागतं, कारण प्रत्येक खोल सी-स्टेटला (प्रोसेसरच्या झोपेची पातळी, आकडा मोठा तेवढी झोप खोल) आत जायला आणि बाहेर यायला वेळ आणि वीज दोन्ही लागतात, तिथे ठराविक वेळ राहिलं तरच तो सौदा परवडतो. पुढचा टायमर जवळ आहे असं दिसलं की कर्नलचा गव्हर्नर (झोपेची पातळी ठरवणारा भाग) सरळ उथळ स्टेट निवडतो. आयडल स्टॅट्सच्या पानावर हे लगेच कळतं, मी तो डेमन बंद केला आणि खोल स्टेटचा टक्का डोळ्यादेखत वर चढला.

इथपर्यंत टूल एक नंबर. पण टायमरची खरी गंमत याच्या खाली आहे आणि तिथलं पॉवरटॉप काहीच दाखवत नाही.

माझ्यासारख्या जुन्या प्रोसेसरवर प्रत्येक कोअरचा स्वतःचा लोकल एपिक टायमर असतो, फास्ट आणि स्वस्त, पण कोअर सी३ किंवा त्याखाली गेला की तो टायमरच बंद पडतो. मग उठवणार कोण? त्यासाठी कर्नलमधे ब्रॉडकास्ट नावाची व्यवस्था आहे. झोपायच्या आधी कोअर आपली वेळ बाहेरच्या एका टायमरकडे, बहुतेक वेळा एचपेटकडे (चिपसेटमधला टायमर), सांगून ठेवतो, सोसायटीच्या वॉचमनला "मला चारला उठव" सांगून झोपावं तसं. एचपेट सगळ्यांतली सगळ्यात आधीची वेळ लावतो, इंटरप्ट आला की ज्याला तो मिळाला तो कोअर कोणाकोणाची वेळ झालीय ते बघतो आणि बाकीच्यांना आयपीआय (एका कोअरने दुसऱ्याला दिलेली हाक) पाठवून उठवतो. म्हणजे दुसऱ्याच्या टायमरपायी एखाद्या कोअरची फुकट झोपमोड होऊ शकते. हे बघायचं असेल तर प्रॉक मधली टायमर लिस्ट फाइल (/proc/timer_list) रूटने उघडा, ब्रॉडकास्ट डिव्हाइस कोण आणि मास्क (कोणते कोअर त्याच्यावर अवलंबून) काय ते सगळं तिथे आहे. याच मशीनवर टीएससीसुद्धा (प्रोसेसरमधला वेळ मोजणारा काउंटर) खोल झोपेत थांबतो, म्हणून बूटच्या लॉगमधे तो अनस्टेबल ठरवल्याची ओळ येते आणि घड्याळ एचपेटवर जातं, जे वाचायला टीएससीपेक्षा बरंच हळू. घाबरायचं कारण नाही, कर्नल बरोबरच वागतोय.

नव्या प्रोसेसरवाल्यांना ही भानगड नाही. सीपीयूइन्फोच्या (/proc/cpuinfo) फ्लॅग्जमधे अरॅट आणि नॉनस्टॉप टीएससी दिसले की समजा लोकल एपिक टायमर आणि टीएससी दोन्ही खोल झोपेतही चालू राहतात. तुमच्याकडे हे असेल तर कोणीतरी सांगितलं म्हणून मॅक्स सी-स्टेट १ (खोल झोपच बंद करणारं बूट सेटिंग) करून ठेवू नका, हँग शोधताना तपासायला ठीक आहे, पण कायमचं ठेवलं तर मग पॉवरटॉप बघण्यात काय अर्थ उरला.

आता तक्रारी. ट्यूनेबल्सच्या पानावर प्रत्येक गोष्टीपुढे गुड किंवा बॅड लिहिलेलं असतं आणि माणसाला सगळं गुड करायची खाज सुटते. ऑटो-ट्यून तेच करतं, मग यूएसबी माउस दोन सेकंद हलवला नाही की झोपतो आणि पहिला क्लिक वाया जातो. रीबूट केलं की सगळं पूर्ववत, सर्व्हिस वेगळी लावावी लागते. वॅटचे अंदाज बॅटरीवर बरीच मापं गोळा झाल्याशिवाय येत नाहीत, आणि आले तरी एकेका प्रोसेसचा आकडा फार मनावर घेऊ नका. कॅलिब्रेट करताना स्क्रीन, वायफाय, यूएसबी चालू-बंद होतं, त्यामुळे रिमोट लॉगिन करून ते अजिबात चालवू नका. आणि हो, यादीत पॉवरटॉप स्वतःही दिसतं, बिचारं मोजायला उठतंच की.

डेस्कटॉपवाल्यांना बॅटरी नसल्याने डिस्चार्जचा आकडा मिळणार नाही, पण वेकअपची यादी मिळते आणि तेवढ्यासाठीही टाकायला हरकत नाही. एचटीएमएल रिपोर्टचा ऑप्शन आहे तो जरूर वापरा, एक रिपोर्ट काही बदलायच्या आधी काढा, एक नंतर, आणि एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर फरक कशाने पडला ते शेवटपर्यंत कळत नाही.