ग्रॅव्हल, हार्डटेल की हायब्रिड? मुंबईतल्या जंगलवाटांसाठी सायकल निवडताना

सायकलच्या दुकानात शिरण्याआधी एक हिशेब मांडा: घरातून निघून परत येईपर्यंत डांबर किती आणि मुरूम किती. बोरिवलीहून वसईच्या तुंगारेश्वर अभयारण्यात जायचं तर जाऊन-येऊन पन्नासच्या आसपास किलोमीटर महामार्ग तुडवावा लागतो. त्या बदल्यात कच्ची वाट मिळते आठ-दहा किलोमीटर. मुंबईकराची निवड या प्रमाणावर ठरते. परदेशी व्हिडिओंमध्ये दिसणारी दिवसभराची खडीची वाट इथे नाही, म्हणून तिथली सायकल जशीच्या तशी इथे योग्य ठरत नाही.

आधी वाटा पाहू. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात मुख्य दारापासून कान्हेरीपर्यंत सहा-सात किलोमीटरचा रस्ता आहे. सावली दाट आणि चढ बेताचा, शेवटी मात्र लेण्यांपाशी चांगला दम लागतो. पण हा रस्ता डांबरी आहे, त्यासाठी कोणतीही धड सायकल पुरते. सोमवारी उद्यान बंद असतं. तलावाकाठच्या वाटेची आस असेल तर निराशा आधीच पचवा. विहार (१८६०) आणि तुळशी (१८७९) हे दोन्ही तलाव पिण्याच्या पाण्याचे आहेत, त्यांचे काठ सर्वांना खुले नाहीत. पवई तलावाकाठी महापालिका सायकल मार्ग बांधत होती. मुंबई उच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये ते काम बेकायदा ठरवलं आणि जागा पूर्ववत करायला सांगितली. आमच्या मते ते योग्यच झालं. मगरींचा वावर असलेल्या काठावर भराव टाकून निसर्गवाट होत नाही.

ठाण्यातला येऊरचा घाट उपवन तलावाच्या बाजूने चढतो. चढ छोटा पण खडा, रस्ता डांबरी, आणि शनिवार-रविवारी बंगल्यांकडे व हॉटेलांकडे जाणाऱ्या गाड्यांची रीघ. पाड्यांपलीकडच्या मातीच्या वाटा राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत जातात. वनखात्याच्या परवानगीशिवाय तिकडे चाक वळवू नका. आरेतला मुख्य रस्ता वाहता आहे, तो यात धरूच नये.

राहिलं वसईचं तुंगारेश्वर. महामार्गावर सातिवलीच्या फाट्याला आत वळलं की खरी कच्ची वाट लागते: मुरूम, मोठाले दगड, मध्येमध्ये ओढा. हे २००३ साली जाहीर झालेलं अभयारण्य आहे. देवळामुळे श्रावणी सोमवारी आणि महाशिवरात्रीला गर्दी उसळते. आठवड्यातल्या इतर दिवशी सकाळी गेलात तर वाट जवळपास मोकळी मिळते. तुमची सायकल या वाटेसाठी हवी की कान्हेरी-येऊरसाठी, इथेच अर्धा निर्णय होतो.

आता सायकली. ग्रॅव्हल म्हणजे खाली वळलेलं हँडल, ताठ फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा), ४० ते ४५ मिलिमीटरचे टायर. महामार्गावरच्या समोरच्या वाऱ्यात हिचा फायदा लगेच कळतो, कारण अंग खाली झुकवता येतं. हार्डटेलला पुढे शंभरेक मिलिमीटर दबणारा फोर्क आणि सव्वादोन इंची टायर असतात. दगडांवर ती निर्धास्त, डांबरावर सुस्त. हायब्रिड सरळ हँडलची, बहुतेक वेळा ३५ ते ३८ मिलिमीटर टायरची, आणि तिघींत स्वस्त. बऱ्याच हायब्रिडना पुढे स्प्रिंगचा स्वस्त फोर्क असतो, तो टाळा. त्याचं वजन दोन-अडीच किलो असतं. दगडावर तो नीट दबत नाही, चढावर मात्र नको तेव्हा डुलतो. मुंबईच्या खाऱ्या हवेत त्याच्या नळ्या दोन पावसाळ्यांत गंजायला लागतात. साधा ताठ फोर्क आणि जाड टायर हे त्याहून केव्हाही बरं.

चढासाठी गिअर तपासायची एक सोपी रीत आहे. पुढच्या सगळ्यात लहान चकतीचे दाते भागिले मागच्या सगळ्यात मोठ्या चकतीचे दाते. मुरमाच्या खड्या चढावर मागचं चाक न घसरता बसून चढायचं असेल तर उत्तर ०.९ च्या खाली हवं. ग्रॅव्हलला पुढे ३० आणि मागे ३४ दाते असतील तर उत्तर ०.८८. मिनिटाला ६० वेळा पेडल फिरवलं तर ही सायकल ताशी सातच्या आसपास किलोमीटरने चढते. तीन चकत्यांच्या हायब्रिडला पुढे २८, मागे ३४ असतात, म्हणजे ०.८२. ती आणखी सोपी. जुन्या पद्धतीच्या हार्डटेलला २२ आणि ३४, म्हणजे ०.६५, तिथे तर भिंत चढल्यासारखं चढता येतं. पुढे एकच ४० दात्यांची चकती आणि मागे ३६ असलेली ग्रॅव्हल दुकानात देखणी दिसते, पण तिचं उत्तर १.११ येतं. येऊरच्या घाटात ते गुडघ्यांना जाणवतं. अशा सायकलला मागे ४२ किंवा ४६ ची कॅसेट (मागच्या चकत्यांचा संच) बसते का ते आधीच विचारा. डिरेल्युअरची (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणाऱ्या भागाची) मर्यादा ओलांडली तर चेन ताणून तो धरणारा हँगर मोडतो.

टायरमधल्या हवेबद्दल सगळ्यात जास्त गैरसमज आहेत. पंक्चरवाला कॉम्प्रेसरने दगडासारखा टायर भरून देतो. तो डांबरावर पळतो, मुरमावर प्रत्येक खड्यावरून उडतो आणि वळणावर पुढचं चाक सुटतं. सत्तर-पंचाहत्तर किलोच्या माणसाला ट्यूब असलेल्या ४० मिलिमीटर टायरमध्ये पुढे ३५-३८ आणि मागे ३९-४२ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) पुरे. सव्वादोन इंचीत २४ ते २८. त्याहून फार कमी केली तर ट्यूब दगड आणि रिम यांच्यात चिमटते आणि शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात. अशी जोडी दिसली तर काटा शोधत बसू नका, हवा कमी होती. एकच बारीक भोक असेल तर मात्र टायर आतून बोटांनी चाचपा. बोरीचा किंवा बाभळीचा काटा आत तसाच राहिला तर नवी ट्यूबही जाते.

काट्यांवर ट्यूबलेस हा उत्तम इलाज. ४० मिलिमीटरला ६० मिलिलिटर सीलंट (भोक आतून बुजवणारा द्रव), सव्वादोन इंचीला शंभराच्या आसपास. आपल्या उकाड्यात ते दोन-तीन महिन्यांत सुकतं. व्हॉल्व्हमधून बारीक काडी घालून ओलं आहे का पाहा, नसेल तर तेवढंच पुन्हा घाला. महिन्यातून एकदाच जंगलात जाणार असाल तर या खटाटोपात पडू नका, जादा ट्यूब पिशवीत ठेवा. ग्रॅव्हलला बारीक प्रेस्टा व्हॉल्व्ह असतो, रस्त्यावरच्या पंक्चरवाल्याचा पाइप त्यावर बसत नाही. छोटासा पितळी अडॅप्टर खिशात असू द्या.

ऋतूने वाट बदलते. एप्रिल-मेमध्ये कडक पायावर सुटे खडे पसरलेले असतात, तिथे ब्रेक सरळ रेषेतच दाबायचा, वळणात नाही. ऑगस्टमध्ये ओढ्यावरच्या सिमेंटवर शेवाळ असतं, तिथे उतरून चाला. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये मुरूम दबून बसलेला असतो आणि ३८ मिलिमीटरची हायब्रिडही मजेत जाते. पावसात चालवणार असाल तर डिस्क ब्रेकच घ्या. रिमला घासणाऱ्या ब्रेकमध्ये मुरमाची कणी अडकते आणि रिम खरवडते. डिस्कला पावसाळ्यापुरते धातूमिश्रित पॅड लावा, रेझिनचे ओल्या चिखलात फार लवकर झिजतात. बिबट्याचा वावर आहे, म्हणून अंधारात जायचं नाही, कानात इअरफोन नको.

एवढं पाहून आमचा कौल: कान्हेरी, येऊर आणि वर्षातून चार-पाचदा तुंगारेश्वर असा बेत असेल तर ताठ फोर्कची, डिस्क ब्रेकची हायब्रिड घ्या आणि टायर ४० चे करा. घरापासूनच शंभर किलोमीटर मारायची सवय असेल तर ग्रॅव्हलचे जास्तीचे पैसे वसूल होतात. हार्डटेल त्यांच्यासाठी, जे वसई-विरारकडे राहतात किंवा सायकल गाडीवर लादून फाट्यापर्यंत नेतात.

पैसे देण्याआधी दुकानातच ६ मिलिमीटरची अ‍ॅलन की (षटकोनी चावी) मागा. टायर आणि फ्रेम यांच्यामधून ती दोन्ही बाजूंनी, फोर्कच्या वरच्या बाजूलाही, न अडकता गेली पाहिजे. अडकली तर पहिल्याच पावसात तिथे चिखल भरून चाक थांबतं. जाड टायर नंतर बसवणार असाल तर दुकानदाराला तो बसवून दाखवायला सांगा, आणि मगच ती चावी घालून पाहा.