साडेसहाशे डॉलरचा नाइट व्हिजन स्कोप आणि त्याचा फाटका रबर: आठ महिन्यांनंतर

रात्री रानडुकरं मारायला मी बंदुकीवर जो अंधारात दाखवणारा डिजिटल स्कोप लावतो, त्याचा डोळ्याकडचा रबरी कप फेब्रुवारीच्या शेवटी फाटला. वॉरंटी होती, पावती होती. फोटो काढून कंपनीला मेल टाकला. उत्तर आलं: रबर सुटा मिळत नाही, अख्खा स्कोप पाठवा, तपासून चार ते सहा आठवड्यांत परत करू, पाठवण्याचा खर्च तुमचा. नेमकी त्याच आठवड्यात इथे टेक्सासमधल्या मायलम काउंटीत मक्याची पेरणी सुरू झाली होती. पेरणीनंतरच्या पहिल्या आठ-दहा रात्री काय होतं हे ज्यांनी बघितलंय त्यांना माझा संताप कळेल. रानडुकरं सरीत नाक घालतात आणि दाणा न् दाणा उकरत सरळ पुढे जातात. शिवणीचा दोरा ओढून काढावा तशी सकाळी अख्खी ओळ रिकामी दिसते. त्या दिवसांत स्कोप कुरियरच्या खोक्यात घालून बसायचं?

मी राउंड रॉकला राहतो, डुकरांमागे जातो ती रँच तिथून तासाभरावर. मालक सत्तरी ओलांडलेले आजोबा आहेत, विश्वासाने गेटची किल्ली देतात. टेक्सासमध्ये 2019 पासून खाजगी जमिनीवर मालकाच्या परवानगीने रानडुक्कर मारायला शिकारीचा परवाना लागत नाही, आणि रात्रीही चालतं. हरणाला मात्र सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाने हात लावायचा नाही. म्हणून समोर नक्की काय उभं आहे हे कळणं, माझ्या मते, नेम लागण्याच्याही आधी येतं.

आता रबराबद्दल. एवढ्याशा रबरासाठी इतकं काय, असं घरीही विचारून झालंय. डिजिटल स्कोपमध्ये तुम्ही काचेतून आरपार बघत नसता, आत एक छोटा स्क्रीन असतो आणि तुम्ही तो बघत असता. कप नीट बसला की त्याचा उजेड डोळ्यापुरता राहतो. माझ्या कपाला खालच्या बाजूला, कड्याजवळ, नखाएवढी चीर गेली. दुसऱ्या रात्री ती बोटभर झाली. तिसऱ्या रात्री सोबतचा नगरचा मित्र साठ-सत्तर यार्डांवरच्या ट्रकमधून फोनवर म्हणाला, "अरे, तुझा गाल दिसतोय मला इथून." डुकराची नजर अधू असते, नाक तिखट, हे खरं आहे. पण अंधारात हलणारा उजळ चेहरा त्यालाही दिसतो. त्या रात्री सात-आठ डुकरांचा कळप कुंपणापाशी थांबला आणि वारा आमच्या बाजूला येत असतानाही परत फिरला. माझ्या हिशेबी तो उजेडच होता.

कंपनीने स्क्रीनची ब्राइटनेस कमी करायला सांगितलं. मी ती आधीपासूनच सर्वांत खाली ठेवतो, नाहीतर स्कोपवरून डोळा काढल्यावर दोन-तीन मिनिटं उजव्या डोळ्याला काहीच दिसत नाही, आणि मचाणाच्या शिडीवरून तसं उतरणं धोक्याचं आहे. पाच-सात डॉलरचा तुकडा असेल. मी पैसे द्यायला तयार होतो. तीन मेल केले, दोनदा फोन केला. साडेसहाशे डॉलर घेताना हीच माणसं किती तत्पर होती!

चित्राबद्दल मात्र मला माझं मत बदलावं लागलं, आणि ते इथे लिहायलाच हवं. ऑक्टोबरमध्ये मी हा स्कोप परत करायला निघालो होतो. चित्र पांढुरकं, भुरभुरीत, शंभर यार्डांपुढे सगळा दुधाळ पडदा. सेन्सरला दोष देऊन मोकळा झालो होतो. पण चूक माझी होती. लिटल रिव्हरच्या काठाला रात्री दहानंतर धुकं उतरतं, आणि मी स्कोपसोबत आलेला आयआर, म्हणजे इन्फ्रारेड उजेडाचा, टॉर्च पूर्ण तेजावर मारत होतो. आंबोलीच्या घाटात धुक्यात अप्पर मारल्यावर समोर जी पांढरी भिंत उभी राहते, तेच इथे होत होतं. त्यात मी जमिनीलगत बसत होतो. समोरचं गवत तो उजेड झेलायचं, सेन्सर त्या गवताप्रमाणे जुळवून घ्यायचा आणि मागचं सगळं काळं पडायचं. दहा फूट उंच मचाणावर बसलो, टॉर्चचा झोत बारीक केला, आणि तोच स्कोप स्वच्छ रात्री दीडशे यार्डांवर कान, शेपूट, पिल्लं वेगवेगळी दाखवायला लागला. धुक्यात आजही चालत नाही. अशा रात्री मी जातच नाही.

टॉर्चच्या उजेडाची तरंगलांबी 850 की 940 नॅनोमीटर, यात मी आधी 940 चा टॉर्च घेतला होता, कारण त्याचा लाल ठिपका दिसत नाही. सिलिकॉनचा सेन्सर तिथवर मंदावतो, त्यामुळे चित्र पार फिकं पडलं. 850 ला टॉर्चच्या तोंडाशी मंद लाल ठिपका दिसतो, पण इथल्या डुकरांनी त्याला दाद दिलेली मी बघितली नाही. तुम्ही 940 वर पैसे घालवू नका.

आता ज्या रात्रीमुळे हा स्कोप विकायचा विचार मी कायमचा सोडला, ती. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात शेजारच्या रँचवरचे एक गृहस्थ त्यांचा थर्मल, म्हणजे उष्णतेवरून चित्र दाखवणारा स्कोप, घेऊन आले होते. त्यांचं यंत्र माझ्या चौपट किमतीचं, तीनशे यार्डांवर गरम ठिपका लगेच पकडतं. त्यात कुंपणाच्या कोपऱ्यात गवतात एक लांबट पांढरा गोळा दिसत होता, डुकराएवढा, खाली मुंडी घातलेला. ते म्हणाले, डुक्करच. मी माझ्या स्कोपमधून बघितलं. आधी काहीच कळेना. मग त्या गोळ्याने मान वळवली आणि कानातला बिल्ला आयआरमध्ये आरशासारखा चमकला. अँगस जातीच्या गाईचं काळं वासरू होतं, आईपासून चुकून कुंपणाच्या अलीकडे आलेलं. सेफ्टी दोघांच्याही बंदुकांना लावलेलीच होती, पण माझे हात बराच वेळ थरथरत होते. त्या आजोबांची वासरं मी नावानिशी ओळखतो.

थर्मल उष्णता दाखवतो, बिल्ला दाखवत नाही. शोधायला थर्मल, ओळखायला डिजिटल, हे मी तेव्हापासून मनाशी पक्कं केलं.

बाकीचं थोडक्यात. .308 च्या बंदुकीच्या धक्क्याने झिरो, म्हणजे स्कोपचा जुळवलेला नेम, हललेला नाही, शंभर यार्डांवर आठ महिन्यांत एकदाच जुळवला, तोही फर्मवेअर अपडेटने सगळी सेटिंग पुसली म्हणून. अपडेट करण्याआधी आकडे वहीत लिहून ठेवा. बॅटरी खोक्यावर दहा तास लिहिली आहे, टॉर्च आणि रेकॉर्डिंग सुरू असताना मला साडेपाच मिळतात. दिवसाही रंगीत दिसतं, जुन्या ट्यूबवाल्या नाइट व्हिजनसारखी उजेडाची भीती नाही.

गावाकडच्यांसाठी एक. माझं आजोळ आजऱ्याजवळ आहे. मामासोबत भाताच्या राखणीला माळ्यावर झोपून मी डबडं वाजवलेलं आहे, रात्रीत आडवं झालेलं पीक बघितलेलं आहे. त्यामुळे "असला स्कोप इकडे आणून दे" असे फोन येतात. भारतात 1972 च्या वन्यजीव कायद्याने शिकारीला बंदी आहे, पिकाच्या नुकसानीसाठी वनखात्याचा रस्ता वेगळा आहे, आणि असे स्कोप अमेरिकेबाहेर न्यायला इथले निर्यातीचे नियम आडवे येतात. बॅगेत घालून आणण्याची ही वस्तू नाही. मामालाही मी हेच सांगितलं.

रबराचं शेवटी असं झालं. मुलीच्या सायकलची जुनी ट्यूब पडली होती. मामा मोटेच्या दोरापासून पंपाच्या गळतीपर्यंत सगळ्याला ट्यूबच बांधायचा, तेच आठवलं. चार इंच तुकडा कापला, गरम पाण्यात मऊ केला, फाटक्या कपावर ओढून बसवला, कड्यावर बारीक दोरा आवळून बांधला आणि डोळ्याकडची कड आत दुमडली. मित्राला पुन्हा ट्रकमध्ये बसवलं. गाल दिसत नाही म्हणाला. दोन महिने झाले, एप्रिलच्या गारांच्या पावसातही टिकला आहे. घाम आला की ट्यूबचा वास येतो आणि डोळ्याभोवती काळं लागतं, ते ओल्या फडक्याने पुसतो.

स्कोप ठेवतोय. वॉरंटी सप्टेंबरपर्यंत आहे. मका काढून झाला की जुलैच्या शेवटी तो कंपनीला पाठवणार आहे, ट्यूब काढून, फाटका कप तसाच ठेवून. थर्मल मोनोक्युलरसाठी (एका डोळ्याने बघायच्या दुर्बिणीसाठी) पैसे बाजूला टाकायला सुरुवात केली आहे. तो या कंपनीचा नसेल, आणि घेण्याआधी डोळ्याचा रबर सुटा मिळतो का, हे मी लेखी विचारून घेणार आहे.