‘बेफर्माईद’ म्हणायला शिकले: चार रविवारच्या फारसी वर्गाबद्दल

सोलापुरात सात रस्त्याजवळ माझी छोटी खानावळ आहे. बावीस वर्षं झाली, दुपारची साठ-सत्तर ताटं होतात. लेक पुण्याला शिकते, तिची वर्गातली मैत्रीण इराणमधल्या इस्फहानची. गड्ड्याची यात्रा बघायला तिला घेऊन येते म्हणाली, तेव्हा मला एकच काळजी लागली, पोरीला वाढताना बोलायचं काय? इंग्रजी माझं जेमतेम. शेवटी लेकीनंच मोबाईलवर एक ऑनलाइन वर्ग शोधून दिला. घरी आलेल्याला खायला-प्यायला कसं विचारायचं, एवढीच फारसी. चार रविवार, दीड-दीड तास, बाराशे रुपये.

वेळ मात्र अकरा ते साडेबारा, म्हणजे नेमकी माझी भाकऱ्या थापायची. पिठाच्या डब्याला फोन टेकवून मी चारही तास केले. शिकवणाऱ्या बाई तेहरानमध्ये वाढलेल्या, हिंदी स्वच्छ. एकेकाला पाहुणा करायच्या, दुसऱ्याला यजमान, आणि खरोखर कप हातात घ्यायला लावायच्या. माझ्या हाताला पीठ असायचं, तरी सुटका नाही.

पहिला तास एकाच शब्दाचा: बेफर्माईद. दारातून आत बोलावताना, बसायला सांगताना, चहाचा ट्रे पुढे धरताना, सगळीकडे हाच. मूळ अर्थ ‘फर्मावा’, आज्ञा करा. आपल्या फर्मानात आणि फर्माईशीत हाच शब्द बसलाय. मेजवानीही तिकडचीच, मेज़बान म्हणजे यजमान. हे ऐकल्यावर माझी भीती निम्मी गेली. बहमनी, आदिलशाही या गावानं पाहिली, भुईकोट किल्ला रोज नजरेसमोर असतो, शब्द काय परके राहतील?

दुसऱ्या तासाला ‘चाय मीखोरीद?’ खाणं आणि पिणं दोन्हीला त्यांचं एकच क्रियापद, त्यामुळे चहासुद्धा ‘खातात’. मान द्यायचा असेल तर ‘मेय्ल दारीद?’, म्हणजे इच्छा आहे का.

त्याच आठवड्यात शनिवारी पोरगी आली. तीळ लावलेली बाजरीची भाकरी, वांग्याची भाजी, शेंगाचटणी, दही वाढलं. ‘बेफर्माईद’ म्हटलं तर तिचा चेहरा उजळला. एक भाकरी संपली. दुसरी पुढे केली तर म्हणाली, ‘न, मेर्सी.’ मी भाकरी परत टोपल्यात ठेवली. खानावळीत ‘नको’ म्हणजे नको. आग्रह करून ताटात अन्न टाकायला लावणं मला पाप वाटतं. रात्री लेक सांगत आली, ‘आई, ती बिस्किटं खातीये.’ मला झोप लागली नाही. माझ्या घरात पाहुणी अर्धपोटी!

दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या तासाला बाईंनी तआरोफ शिकवला. विचारल्याबरोबर ‘हो’ म्हणणं तिकडे बरं दिसत नाही. पाहुणा दोन-तीनदा नको म्हणतो, यजमान पुन्हा पुन्हा पुढे करतो, आणि मग खरं काय ते कळतं. ही माझी या वर्गाबद्दलची सगळ्यात मोठी तक्रार. हे पहिल्याच तासाला सांगायला हवं होतं. शब्द आधी आणि रीत नंतर, असं शिकवलं की माझ्यासारखीची पाहुणी उपाशी झोपते. पंगतीतला आग्रह मला काय नवा होता? फक्त कुणीतरी सांगायला हवं होतं.

त्या दुपारी पुन्हा वाढलं. पहिल्यांदा ‘न, मेर्सी’. दुसऱ्यांदा हात ताटावर आडवा. तिसऱ्यांदा मी भाकरीचा पदर मोडून, आत लोण्याचा गोळा ठेवून समोर धरली आणि हळूच म्हटलं, बेफर्माईद. आडवा हात उलटा झाला, तळवा वर. भाकरी घेतली तिनं. नंतर अजून अर्धी.

खाऊन झाल्यावर मी ‘नूश-ए जान’ म्हटलं, जिवाला गोड लागो अशा अर्थाचं. त्याला जोडून आणखी एक म्हणतात: ‘गुश्त बेशे बे तनेत’, अंगावर मांस होऊन चढू दे. अहो, हे तर आपलं ‘अंगी लागो’! माझी सासू प्रत्येक ताटाला हेच म्हणायची. पोरीनं माझा हात धरला आणि म्हणाली, ‘दस्तेतून दर्द नकोने.’ तुमचे हात दुखू नयेत. बावीस वर्षं हे हात भाकऱ्या थापतायत. मला उत्तर पाठ होतं, म्हणताच आलं नाही.

चहाबरोबर साखरेचा खडा दातात धरून पितात, त्याला कंद म्हणतात. आपल्या गुलकंदातला कंद तो हाच. माझ्याकडे खडीसाखर होती, ती पुढे केली तर ‘नबात!’ म्हणून टाळी वाजवली. पोट बिघडलं की त्यांच्या घरी चहात हीच घालून देतात म्हणे.

चौथा तास दुकानातल्या बोलण्यावर गेला. तिथला दुकानदार किंमत विचारल्यावर ‘घाबेल नदारे’ म्हणतो, म्हणजे काही विशेष नाही हो, राहू द्या. ती रीत झाली, पैसे द्यायचेच असतात. उपयोगाचं आहे, पण त्यापेक्षा जेवणाला अजून एक तास दिला असता तर बरं झालं असतं. टिपणं सगळी रोमन लिपीत, तीही अडचणच. मी आपली वहीत देवनागरीत उतरवून घेतली. रेकॉर्डिंग आठच दिवस उघडतं.

तरी बाराशे रुपये वसूल. घरी कुणी इराणी येणार असेल तर जरूर करा, फक्त पाहुणा यायच्या आत चारही तास संपतील असं बघा.

परवा तिचा निरोप आला. पुण्यात खोलीवर पावाला शेंगाचटणी लावून खातानाचा फोटो, खाली लेकीनं देवनागरीत लिहून दिलेलं: ‘जाये शोमा खाली.’ तुमची जागा रिकामी आहे. चटणीचा दुसरा डबा आजच बसस्टँडवर देऊन आले.