क्राकूवमध्ये विजेच्या गाडीची ‘खासगी’ सहल आगाऊ ठरवणाऱ्यांसाठी

प्राग, व्हिएन्ना आणि बुडापेस्टच्या प्रवासाला पोलंडमधील क्राकूव जोडून घेणारी मराठी कुटुंबे आता बरीच दिसतात. आम्हीही त्यांपैकीच होतो. आमच्या पाच जणांत आई, मामा आणि मामी असल्यामुळे पायी हिंडण्यावर मर्यादा होती. क्राकूवच्या जुन्या भागात बाहेरच्या मोटारींना सहसा जाऊ देत नाहीत, रस्ते दगडी फरसबंदीचे आहेत आणि १२५७ साली आखलेला मुख्य चौकच एका बाजूने सुमारे २०० मीटर लांब आहे, त्यामुळे गुडघे दुखणाऱ्या माणसाला तो ओलांडतानाच दम लागतो. तेथे गोल्फच्या मैदानावर असतात तशा, विजेवर चालणाऱ्या उघड्या गाड्या पर्यटकांना फिरवतात. पोलंडमधील एका जुन्या कारखान्याच्या नावावरून त्यांना सरसकट ‘मेलेक्स’ म्हणतात. ही सोय मुळात चांगली आहे आणि तिच्यावर पोट असणारे बहुतेक चालक सरळ आहेत, हे आधीच नमूद करतो. आमची फसवणूक झाली ती गाडीमुळे नव्हे, तर ती विकण्याच्या पद्धतीमुळे, आणि ही पद्धत दुसऱ्या कोणत्याही जुन्या शहरात जशीच्या तशी वापरता येण्यासारखी आहे.

आम्ही निघण्यापूर्वीच एका संकेतस्थळावरून सहल ठरवली होती. संपूर्ण गाडी फक्त आमच्या कुटुंबासाठी, बरोबर इंग्रजी बोलणारा मार्गदर्शक, अडीच तासांचा वेळ, जुने शहर, काझिमेझ हा जुना ज्यू भाग, नदीपलीकडचा पॉदगुझे भाग आणि शेवटी नाझी काळात शेकडो ज्यूंना वाचवणाऱ्या ऑस्कर शिंडलर या जर्मन उद्योजकाच्या कारखान्यातील संग्रहालयाचा प्रवेश, असे सर्व तेथे लिहिलेले होते. गाडीचे मिळून ४८० झ्लॉटी (पोलंडचे चलन) ठरले, त्यांपैकी १४० झ्लॉटी आगाऊ आणि उरलेले ३४० सहल संपल्यावर. दर माणशी आहे की गाडीचा, हा प्रश्न मी संदेशातून वेगळा विचारला होता आणि ‘पूर्ण गाडीचा’ असे उत्तरही माझ्याकडे लेखी होते.

या पत्रव्यवहारातील एक गोष्ट मुद्दाम सांगण्यासारखी आहे. आम्ही कोल्हापूरचे आहोत असे कळवल्यावर पलीकडून लगेच उत्तर आले की आमच्यासाठी नेमलेल्या मार्गदर्शक बाईंची आजी लहानपणी वळिवड्याच्या छावणीत राहिली होती आणि कोल्हापूरची माणसे भेटणार म्हणून त्यांना फार आनंद झाला आहे. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत हद्दीतील हद्दपारीतून सुटलेले सुमारे ५,००० पोलिश निर्वासित, मुख्यतः स्त्रिया आणि मुले, १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळच्या वळिवड्यात राहत होते, हे आमच्या भागात घरोघरी ठाऊक आहे. मामींचे माहेर त्याच बाजूचे, त्यामुळे त्यांनी वडिलांकडून ऐकलेल्या छावणीच्या गोष्टी वहीत उतरवून घेतल्या आणि त्या बाईंना देण्यासाठी एक छोटी कोल्हापुरी चप्पलही बॅगेत टाकली. आज विचार करता, गिऱ्हाइकाच्या गावाचे नाव कळल्यावर ही माहिती शोधायला कोणालाही दोन मिनिटे पुरतात. आपल्या गावाचा किंवा भाषेचा असा जिव्हाळा विक्रेत्याकडून अचानक येऊ लागला, तर तो सौद्याचा भाग समजावा आणि तपशील आणखी बारकाईने तपासावेत.

ठरलेल्या दिवशी निघण्याच्या थोडे आधी संदेश आला की मार्गदर्शक बाई आजारी पडल्या आहेत, गाडी चार्जिंगला आहे, परंतु ‘सहकारी संस्थेची तशीच गाडी’ येत आहे. ग्रॉद्झ्का रस्त्याच्या तोंडाशी जी गाडी आली तिच्यात मागच्या ओळीत एक अनोळखी जोडपे आधीच बसलेले होते. त्यांना दोन चौक पुढे सोडायचे आहे, असे चालकाने सांगितले, पण ते दोघे काझिमेझपर्यंत आमच्याबरोबर राहिले. मार्गदर्शक कोणीच नव्हते. चालकाने डोक्यावरच्या पडद्यावर इंग्रजी भाषेचे बटण दाबले आणि ध्वनिमुद्रित माहिती सुरू झाली.

मुद्रित आवाजाबद्दल माझी सरसकट तक्रार नाही. गाडी त्याच्या तालावर चालली तर तो उपयोगी पडतो. येथे मात्र गाडी पुढे आणि आवाज मागे अशी स्थिती होती. मुख्य चौकातील सेंट मेरी चर्चमधील वेदीमागच्या भव्य लाकडी शिल्पपटाचे, जो वाइट स्टॉस या शिल्पकाराने १४७७ ते १४८९ या काळात घडवला, वर्णन आम्ही स्टारोविश्ल्ना रस्त्यावर ट्रामच्या मागे सिग्नलला थांबलेलो असताना ऐकले. वावेलचा राजवाडा टेकडीखालून, गाडी न थांबवता दाखवण्यात आला. थंडीमुळे बाजूचे प्लास्टिकचे पडदे चेन लावून बंद केलेले होते आणि ते इतके धुरकटलेले होते की आई पदराने पुसून बाहेर पाहत होती. काझिमेझमध्ये शेरोका रस्त्यावर चालकाने सात-आठ मिनिटे थांबवले, ती सुद्धा एका उपाहारगृहाच्या दारात. तेथील माणूस मेनूकार्ड हातात घेऊन उभाच होता.

खरा संताप आला तो नदी ओलांडल्यावर. पॉदगुझेमध्ये नाझी अंमलात मार्च १९४१ मध्ये ज्यूंसाठी कुंपणबंद वस्ती उभारण्यात आली आणि मार्च १९४३ मध्ये ती रिकामी करताना माणसांना कारखान्यांसाठी, छावण्यांसाठी किंवा जागीच मारण्यासाठी वेगळे काढण्यात आले. त्या वेळी जेथे लोकांना गोळा केले जाई त्या चौकात आज धातूच्या मोठ्या रिकाम्या खुर्च्या ओळीने मांडलेल्या आहेत. माणसे नेल्यानंतर त्यांचे सामानसुमान, खुर्च्या-टेबले चौकात विखुरलेली राहिली, त्याची ती आठवण आहे. चौकाच्या कडेलाच तादेउश पान्कीएविच यांचे औषधाचे दुकान आहे. स्वतः ज्यू नसूनही ते परवानगी मिळवून वस्तीत राहिले आणि वस्तीतील लोकांना त्यांनी औषधांबरोबर निरोप, अन्न आणि लपायला जागाही पुरवली. यांपैकी काहीही आम्हाला तेथे कोणी सांगितले नाही. चालक म्हणाला, ‘फोटो, फाइव्ह मिनिट्स,’ आणि सिगारेट पेटवून बाजूला गेला. मामा एका खुर्चीवर टेकले, तर मामींनी त्यांना खुणेने उठवले. ती बसण्याची जागा आहे की स्मारक, हे विचारायलाही माणूस नव्हता. मी हे सर्व नंतर वाचून जाणले. अशा जागी मार्गदर्शक नसणे म्हणजे सहलीतील एखादी सोय कमी होणे नव्हे, तर जिच्यासाठी पैसे दिले ती वस्तूच न मिळणे होय.

तेथून शिंडलरच्या कारखान्याकडे जाताना चालकाने बॅटरी संपत आल्याचे सांगितले. चौकापासून संग्रहालय काही मिनिटांच्या अंतरावर आहे आणि मुख्य चौकापासून तेथवर सारे अंतर जेमतेम तीन किलोमीटर. या गाड्या दिवसभरात अशा कितीतरी फेऱ्या करतात, त्यामुळे हे कारण पटण्यासारखे नव्हते. फाटकाशी उतरल्यावर कळले की संग्रहालयाची तिकिटे ठरावीक वेळेची आणि मर्यादित असतात, त्या दिवसाची संपलेली होती आणि आमच्या नावावर एकही काढलेले नव्हते. ‘प्रवेशासह’ म्हणजे प्रवेशद्वारापर्यंत नेणे, असा खुलासा चालकाने केला. यावर हसावे की रडावे, हे आम्हाला कळेना.

मग त्याने पैसे मागितले. माणशी १२० प्रमाणे पाच जणांचे ६०० झ्लॉटी. माझ्याकडील लेखी उत्तर दाखवले, तर तो म्हणाला, ‘दॅट इज देअर प्राइस, आय ॲम ओन्ली ड्रायव्हर,’ आणि आगाऊ दिलेली रक्कम ही ‘बुकिंग फी’ असल्याने ती वजा होणार नाही. वाद सुरू असताना गाडी त्याने वळवून ठेवली होती आणि आईची काठी व आमची एक पिशवी अजून मागच्या बाकावर होती. मी पोलिसांना बोलवतो म्हणालो, तेव्हा त्याने शांतपणे फोन माझ्यापुढे धरला. आई कडेच्या दगडी कठड्यावर बसली होती, वारा बोचरा होता. मामांनी ‘देऊन टाक आणि मोकळा हो’ म्हटल्यावर मी कार्ड काढले.

येथे आणखी एक पेच होता. कार्डाच्या मशीनवर रक्कम झ्लॉटीत घ्यायची की रुपयांत, असा पर्याय येतो आणि तो निवडण्याचा हक्क कार्डधारकाचा असतो. चालकाने मशीन स्वतःकडे वळवून एक बटण दाबले आणि मग पिनसाठी माझ्यापुढे धरले. स्लिपवर रुपये छापून आले. त्या दिवशीच्या दराने साधारण साडेतेरा हजार व्हायला हवे होते, तेथे पंधरा हजारांच्या आसपास रक्कम होती. हा वरचा भाग मशीनचा विनिमय दर ठरवणाऱ्यांच्या आणि व्यापाऱ्याच्या खिशात जातो. मी ‘पारागॉन’, म्हणजे तेथे व्यापाऱ्याने ग्राहकाला द्यायची रीतसर छापील पावती, मागितली, तर कार्डाची स्लिप हीच पावती असे सांगून त्याने काठी आणि पिशवी खाली ठेवली व गाडी नेली. बॅटरी व्यवस्थित चालत होती. खुर्च्यांच्या चौकातून ट्राम मिळते. तिचा तळ रस्त्याच्या बराच जवळ असल्यामुळे आईला चढताना त्रास झाला नाही, आणि तिकिटांचा खर्च या सगळ्यापुढे नगण्य होता.

हॉटेलवर परतल्यावर चौकशी करता धंद्याची रचना लक्षात आली. संकेतस्थळ चालवणारा एक, त्याच्याकडून गिऱ्हाईक विकत घेणारा दलाल दुसरा, गाडीचा मालक तिसरा आणि चालक चौथा. संकेतस्थळवाला म्हणतो, सेवा स्थानिक संस्थेने दिली. स्थानिक संस्था म्हणते, दर आम्ही ठरवलेला नाही. चालक तर फक्त चालक असतो. वळिवड्याच्या छावणीचे नावही त्याने कधी ऐकले नव्हते, हे मामींनी विचारून पाहिले होते. शिवाय पोलंडमध्ये २०१४ पासून शहर दाखवण्यासाठी मार्गदर्शकाला सरकारी परवान्याची सक्ती राहिलेली नाही. त्यामुळे ‘मार्गदर्शक’ या शब्दामागे अभ्यासू माणूसही असू शकतो आणि पडद्यावरचे बटणही.

दुसऱ्या दिवशी मामांनी हट्टाने चौकातल्या उभ्या गाड्यांपैकी एकीच्या चालकाशी थेट बोलणी केली. पूर्ण गाडीचा दर कागदावर लिहून घेतला, सहल जेथे सुरू झाली तेथेच संपेल हेही लिहून घेतले. त्या गृहस्थाने आवाज बंद ठेवून स्वतः माहिती सांगितली, मुख्य चौकातील चर्चच्या मनोऱ्यावरून दर तासाला वाजणारी तुतारी ऐकवायला मुद्दाम थांबला आणि न मागता पारागॉन दिला. कोल्हापुरी चप्पल अखेर त्याच्याकडे गेली.

ज्यांना आगाऊच ठरवायचे आहे त्यांनी दर गाडीचा की माणशी, मार्गदर्शक प्रत्यक्ष व्यक्ती की ध्वनिमुद्रण, आगाऊ रक्कम एकूण दरातून वजा होणार की नाही, आणि सहल कोठे संपणार, एवढे तरी लेखी घ्यावे. पण केवळ लेखी असून भागत नाही, ते माझ्याकडेही होते. गाडी आल्यावर, कोणीही बसण्यापूर्वी, तो संदेश चालकाला दाखवून त्याच्याकडून होकार घ्यावा आणि तो मान्य करत नसेल तर तेथेच परत फिरावे. आगाऊ रक्कम बुडाली तरी चालेल. संग्रहालयाची तिकिटे त्या संग्रहालयाच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून आपल्या नावाने काढावीत. काठी, औषधे, पासपोर्टची पिशवी गाडीत ठेवून उतरू नये. मशीन आपल्या हातात घेऊन स्थानिक चलन स्वतः निवडावे. भारतीय कार्डांवर परदेशातील व्यवहारांची मर्यादा बँकेच्या ॲपमधून ठरवता येते, ती रोजच्या खर्चापुरतीच ठेवावी. प्रसंग चिघळला तर ११२ हा आपत्कालीन क्रमांक तेथेही चालतो, आणि ग्राहकांच्या तक्रारींसाठी पालिकेचा स्वतंत्र अधिकारी असतो.

मी परतल्यावर बँकेकडे दोन वेगळ्या तक्रारी केल्या, एक न मिळालेल्या सेवेबद्दल आणि दुसरी रुपयांत केलेल्या वसुलीबद्दल. अशा तक्रारींना कार्ड कंपन्यांची मुदत बहुतेक बाबतींत १२० दिवसांची असते, परंतु बँका त्याआधीच कागद मागतात, म्हणून थांबू नये. बँकेने ३० दिवसांत दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. मार्गदर्शक देण्याचे लेखी आश्वासन, ऐन वेळी आलेला बदलाचा संदेश आणि मामींनी सहज काढलेले, मागच्या बाकावरच्या अनोळखी जोडप्यासह गाडीचे छायाचित्र यांच्या आधारे आगाऊ रक्कम परत मिळाली. जागेवर दिलेले पैसे मिळाले नाहीत, कारण पिन मी स्वतः टाकला होता आणि स्लिपवर व्यवहाराचे स्वरूप ‘प्रवासी वाहतूक’ एवढेच होते. रुपयांत केलेल्या वसुलीबद्दलचा अर्ज अजून प्रलंबित आहे. ते संकेतस्थळ आता त्या नावाने उघडत नाही. त्याच गाडीची तीच छायाचित्रे मात्र दुसऱ्या नावाच्या पानावर आहेत आणि तेथे आगाऊ रक्कम निम्मी मागितली जाते.