रिचर्डसनच्या दोन इमारती: कोर्ट की गोदाम?

अमेरिकन वास्तुकार हेन्री हॉब्सन रिचर्डसन 1886 मध्ये 47 व्या वर्षी गेला, तेव्हा पिट्सबर्गचं कोर्ट आणि शिकागोतलं व्यापारी मार्शल फील्डचं दुकान या त्याच्या दोन्ही इमारती अर्धवटच बांधून झाल्या होत्या. पिट्सबर्गचं काउंटी कोर्ट म्हणजे सरकारी थाट: उंच मनोरा, मधोमध चौक, शेजारच्या तुरुंगाकडे कैदी नेण्यासाठी रस्त्यावरून काढलेला दगडी पूल. पुढे बाहेरचा रस्ता खोल खणला आणि तळघराचाच तळमजला झाला!

शिकागोतलं मार्शल फील्डचं घाऊक मालाचं दुकान अगदी उलट. सात मजले, ना मनोरा ना नक्षी. ओबडधोबड दगड आणि वर जाताना अरुंद होत जाणाऱ्या कमानींच्या रांगा. मला हेच सरस वाटतं. वास्तुकार लुई सलिव्हनने स्वतःच्या शिकागोतल्या ऑडिटोरियम इमारतीसाठी कित्ता गिरवला तो याचाच. कोर्ट आजही उभं आहे. दुकान मात्र 1930 मध्ये पाडलं, आणि त्या जागी गाड्या लावू लागले.